कंत्राटदाराचा परवाना वाचताना : कॅलिफोर्नियाच्या ‘चेक अ लायसन्स’ सेवेचे परीक्षण

कॅलिफोर्नियात घराच्या भिंतींतून नेटवर्कची केबल ओढून घ्यायची असो, दारावर कॅमेरा बसवायचा असो किंवा दिवाणखान्याच्या छतात स्पीकर बसवायचे असोत, हे काम करणाऱ्याकडे राज्याचा परवाना आहे की नाही हे घरबसल्या आणि विनामूल्य पाहता येते. ‘कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सीएसएलबी, या राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर ‘चेक अ लायसन्स’ ही सेवा उपलब्ध आहे. आमच्या घरी कॅमेरे, वायफायचे ॲक्सेस पॉइंट आणि त्यांची वायरिंग करून घ्यायची होती, त्या निमित्ताने मी ती बारकाईने वापरली. माझे मत आधीच सांगते. ही सेवा चांगली आहे आणि प्रत्येक घरमालकाने तिचा उपयोग करायलाच हवा. मात्र ‘परवाना आहे’ एवढे पाहून जो थांबतो, त्याच्या हाती तिचा निम्माच लाभ लागतो. परवाना कोणत्या वर्गाचा आहे, कोणाच्या नावावर आहे आणि त्या वर्गात आपले काम बसते का, हे वाचता आले तरच तिचे खरे मोल कळते.

अमेरिकेत विजेच्या कामाचे परवाने केंद्र सरकार देत नाही. ते राज्यांचे, आणि काही ठिकाणी शहरांचे, काम आहे. कॅलिफोर्नियात ही जबाबदारी १९२९ मध्ये स्थापन झालेल्या सीएसएलबीकडे आहे. मंडळाच्या वर्गवारीत ‘अ’ म्हणजे मोठी अभियांत्रिकी कामे, ‘ब’ म्हणजे सर्वसाधारण इमारत बांधकाम आणि ‘क’ म्हणजे विशिष्ट कसबाची कामे, असे ढोबळ विभाग आहेत; इंग्रजी अक्षरांनुसार ते ए, बी आणि सी म्हणून ओळखले जातात. सी गटातील ‘सी-१०’ हा पूर्ण विद्युत कंत्राटदाराचा वर्ग, तर ‘सी-७’ हा लो-व्होल्टेज यंत्रणांचा. महाराष्ट्रातल्या लघुदाब जोडणीशी या वर्गाचा काही संबंध नाही, कारण सी-७ची मर्यादा ९१ व्होल्ट आहे आणि घरातले प्लग त्या मर्यादेच्या बाहेर आहेत. टेलिफोन, ध्वनियंत्रणा, केबल टीव्ही, सीसीटीव्ही कॅमेरे, उपग्रहाची डिश, तापमान नियंत्रणाची साधने आणि बागेतले कमी दाबाचे दिवे ही कामे नियमात नावाने दिलेली आहेत. त्याच नियमाच्या शेवटी एक वाक्य आहे, आणि घरमालकाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे : कमी दाबावर चालणारी फायर अलार्मची यंत्रणा या वर्गात समाविष्ट नाही. ते काम सी-१०चे.

हा परवाना नुसते शुल्क भरून मिळत नाही. अर्जदाराने गेल्या दहा वर्षांत त्या कसबातला किमान चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि हा अनुभव शिकाऊ म्हणून नव्हे, तर स्वतंत्रपणे काम करू शकणाऱ्या कारागिराच्या पातळीचा असावा लागतो. त्यानंतर कायदा व व्यवसायाची एक आणि कसबाची दुसरी अशा दोन परीक्षा, बोटांच्या ठशांवरून पार्श्वभूमीची तपासणी, आणि १ जानेवारी २०२३ पासून २५,००० डॉलरचा बाँड, म्हणजे काम बिघडल्यास भरपाईसाठी एखाद्या कंपनीने दिलेली हमी. त्याआधी ही रक्कम १५,००० डॉलर होती. एवढे सोपस्कार पार करून माणूस तुमच्या दारात उभा असेल, तर त्याला पाच मिनिटे देऊन त्याचा परवाना वाचणे हा त्याच्याही श्रमांचा मान आहे, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष सेवेकडे येते. परवाना क्रमांक, व्यवसायाचे नाव किंवा व्यक्तीचे नाव यांपैकी काहीही टाकून शोध घेता येतो. घरोघरी फिरून काम मिळवणाऱ्या विक्रेत्याची स्वतंत्र नोंदणी असते, तीही इथेच पाहता येते. क्रमांक टाकून शोधणे सर्वांत विश्वासार्ह आहे, कारण व्यवसायांची नावे एकमेकांसारखी असतात. कंत्राटदाराने आपल्या प्रत्येक जाहिरातीत परवाना क्रमांक छापला पाहिजे असा कायदा आहे, त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावर किंवा गाडीच्या दारावर तो सापडायलाच हवा. तो नसेल तर तिथेच विचारावे.

क्रमांक टाकल्यावर उघडणारे पान दिसायला साधे आहे, पण त्यावरची प्रत्येक ओळ काही तरी सांगते. सुरुवातीला व्यवसायाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी. मग व्यवसाय एकट्याचा आहे, भागीदारीचा की कॉर्पोरेशनचा, परवाना कधी दिला आणि कधी संपतो. त्याखाली परवान्याची स्थिती. ‘चालू आणि सक्रिय’ अशी नोंद असली तरच त्या व्यक्तीला करार करता येतो. ‘निष्क्रिय’ परवाना हा खरा असला तरी त्यावर काम घेता येत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. जुना क्रमांक दिसला की लोक निश्चिंत होतात. त्याखाली वर्गांची नोंद असते. पुढे बाँड कोणत्या कंपनीचा, किती रकमेचा, कधीपासूनचा, आणि शेवटी कामगारांच्या नुकसानभरपाईचा विमा आहे की ‘माझ्याकडे कामगार नाहीत’ असे सांगून सूट घेतली आहे, याची नोंद. विमा किंवा बाँड खंडित झाला तर परवाना निलंबित होऊ शकतो. म्हणून कोटेशन घेताना एकदा आणि करारावर सही करण्याच्या दिवशी पुन्हा एकदा, असे दोनदा पान पाहावे.

याच पानावर संबंधित व्यक्तींच्या यादीचा दुवा असतो, आणि मला तो सर्वांत उपयुक्त वाटला. परवाना व्यवसायाच्या नावावर असतो, पण अनुभव आणि परीक्षा एखाद्या माणसाच्या असतात. तो माणूस मालक असू शकतो, अधिकारी असू शकतो किंवा नोकरीवर ठेवलेला असू शकतो. नोकरीवर असेल तर त्याने आठवड्याला किमान ३२ तास किंवा व्यवसायाच्या एकूण वेळेच्या ८० टक्के वेळ तिथे प्रत्यक्ष काम केले पाहिजे, असा नियम आहे. दुसऱ्याचा परवाना भाड्याने वापरण्याला आळा बसावा म्हणून तो केलेला आहे. आमच्याकडे कोटेशन द्यायला आलेल्या एका गृहस्थांनी दिलेल्या कार्डावर क्रमांक व्यवस्थित छापलेला होता. तो टाकून पाहिल्यावर पान उघडले, परवाना सक्रिय होता, वर्ग सी-१० होता. पण व्यवसायाचे नाव वेगळे होते आणि व्यक्तींच्या यादीत या गृहस्थांचे नाव कुठेच नव्हते. विचारल्यावर त्यांनी सांगितले की ते ‘त्या मंडळींबरोबर’ काम करतात. करार मात्र त्यांना स्वतःच्या नावाने करायचा होता. आम्ही तिथेच नम्रपणे थांबलो. केवळ ‘सक्रिय’ हा शब्द पाहून सही केली असती, तर परवाना एकाचा आणि करार दुसऱ्याचा अशी स्थिती झाली असती आणि काही बिघडल्यावर त्या परवान्याचा आम्हाला काहीही आधार उरला नसता.

ज्यांना आम्ही शेवटी काम दिले ते सी-७चे परवानाधारक होते. खिशातले परवाना कार्ड आणि ओळखपत्र त्यांनी न मागता दाखवले. जिन्याजवळच्या आणि बेडरूममधल्या धूरसूचकांची तार नव्या यंत्रणेशी जोडून द्याल का, असे आम्ही विचारले, तेव्हा ते काम माझ्या परवान्यात बसत नाही, त्यासाठी सी-१० बघा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हातचे काम सोडून आपली मर्यादा सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास अधिक बसतो. कपाटात रेकॉर्डर ठेवण्यासाठी १२० व्होल्टचा नवा सॉकेट हवा होता, तोही त्यांनी नाकारला. मुख्य कामाला आनुषंगिक असलेले किरकोळ काम दुसऱ्या कसबातले असले तरी करण्याची मुभा कायद्यात आहे. परंतु ती मुभा कुठवर ताणायची हा वादाचा विषय होऊ शकतो, आणि भिंतीतल्या १२० व्होल्टच्या जोडणीवर वाद नकोच, या त्यांच्या भूमिकेशी मी सहमत आहे. तो सॉकेट आम्ही सी-१०च्या कंत्राटदाराकडून करून घेतला. सी-१०च्या व्यवसायात १०० व्होल्ट-अँपिअरपेक्षा जास्त क्षमतेच्या जोडण्या करणाऱ्या वायरमनला राज्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते, हे त्या वेळी कळले. म्हणजे तिथे कंत्राटदाराबरोबरच हाताने काम करणाराही तपासलेला असतो.

या सेवेची सर्वांत मोठी उणीव चोरीच्या अलार्मच्या बाबतीत जाणवते. कॅलिफोर्नियात अलार्म विकणाऱ्या, बसवणाऱ्या आणि त्यावर देखरेख ठेवणाऱ्या कंपन्यांचे नियमन ‘ब्युरो ऑफ सिक्युरिटी अँड इन्व्हेस्टिगेटिव्ह सर्व्हिसेस’ या वेगळ्या कार्यालयाकडे आहे. ज्यांच्याकडे या कार्यालयाचा अलार्म कंपनीचा परवाना आहे, त्यांना अलार्मच्या कामापुरता सीएसएलबीचा परवाना घ्यावा लागत नाही. याचा व्यवहारातला परिणाम असा की सर्व नियम पाळणारी अलार्म कंपनीसुद्धा ‘चेक अ लायसन्स’वर सापडणार नाही आणि घरमालकाला ती बोगस वाटेल. उलट, सी-७ परवाना दिसला म्हणून एखाद्याला अलार्मची देखरेख करण्याचा अधिकार आहे असे समजणेही चुकीचे ठरेल. दोन्ही कार्यालये राज्याच्या एकाच ग्राहक व्यवहार विभागाखाली येतात, तरी शोधाच्या खिडक्या वेगळ्या आहेत. अलार्म कंपनी पाहण्यासाठी त्या विभागाच्या सर्वसाधारण परवाना-शोधाकडे जावे लागते. आजकाल कॅमेरा, दाराची घंटा, खिडकीचा सेन्सर आणि मोबाइलवरची सूचना या चारही गोष्टी एकाच पेटीतून येतात. अशा काळात घरमालकाने कोणत्या खिडकीत जावे हे त्यालाच ठरवायला लावणे मला मुळीच पटत नाही. शोधात नाव न सापडल्यास ‘अलार्मचे काम असेल तर येथेही पाहा’ असे एक ठळक वाक्य आणि दुवा दिला तरी मोठा उपकार होईल.

दुसरी अडचण पानाच्या वाचनातून निर्माण होणाऱ्या गैरसमजाची आहे. बाँडसमोर २५,००० डॉलर हा आकडा दिसला की आपले काम तेवढ्या रकमेपर्यंत सुरक्षित आहे असे वाटते. तसे नाही. ती रक्कम त्या कंत्राटदाराच्या सगळ्या दावेदारांसाठी मिळून असते. एकाच वेळी अनेकांची कामे बिघडली तर ती वाटली जाते. बाँड म्हणजे विमाही नव्हे. छताला भोक पाडताना पाण्याचा पाइप फुटला तर त्याची भरपाई करणारा सर्वसाधारण दायित्वाचा विमा वेगळा, आणि तो बहुतांश कंत्राटदारांना सक्तीचा नाही. त्याचे प्रमाणपत्र स्वतः मागून, विमा कंपनीला फोन करून खात्री करावी. तक्रारींच्या बाबतीतही तसेच आहे : मंडळाकडे आलेली प्रत्येक तक्रार पानावर दिसत नाही, तर चौकशी होऊन पुढील कायदेशीर कारवाईपर्यंत पोहोचलेलीच दिसते. कंत्राटदारावर निराधार आरोपांचा डाग लागू नये म्हणून हे योग्यच आहे, पण कोरे पान म्हणजे निष्कलंक काम असा त्याचा अर्थ घेऊ नये.

परवाना पाहण्याचा सर्वांत ठोस लाभ पैशांच्या व्यवहारात होतो. घरदुरुस्तीच्या करारात कंत्राटदार आगाऊ रक्कम म्हणून कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर यांपैकी जी कमी असेल तेवढीच घेऊ शकतो. काही विशेष बाँड असलेल्या मोजक्या कंत्राटदारांनाच यातून सूट आहे आणि ती नोंद त्यांच्या परवान्याच्या पानावर दिसते. साहित्य आणायचे आहे म्हणून निम्मे पैसे द्या, असे कोणी म्हणाले तर तो कायदा मोडत आहे हे निःशंकपणे समजावे. परवाना नसलेल्या कंत्राटदाराला कामाचे पैसे मिळवण्यासाठी न्यायालयात जाता येत नाही, इतकेच नव्हे तर त्याला दिलेले सर्व पैसे परत मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. विनापरवाना काम घेणे हा फौजदारी गुन्हा आहे. किरकोळ कामांना मोकळीक आहे. १ जानेवारी २०२५ पासून, मजुरी आणि साहित्य मिळून १,००० डॉलरपेक्षा कमी किमतीचे, बांधकाम परवानगीची गरज नसलेले आणि मदतनीस न ठेवता केलेले काम परवान्याशिवाय चालते. पूर्वी ही मर्यादा ५०० डॉलर होती. त्यामुळे टीव्हीमागची एखादी तार नीट बसवून देणाऱ्या शेजारच्या होतकरू मुलाला घाबरण्याचे कारण नाही. मात्र मोठे काम मुद्दाम तुकडे पाडून त्या मर्यादेत बसवता येत नाही.

परवाना जे सांगत नाही तेही इथे लिहिले पाहिजे, कारण सेवेचे परीक्षण त्याशिवाय पुरे होणार नाही. हल्लीचे कॅमेरे आणि ॲक्सेस पॉइंट नेटवर्कच्याच केबलमधून वीज घेतात. या पद्धतीच्या २००३ च्या पहिल्या मानकात स्रोताकडून १५.४ वॉट मिळत होते, २००९ मध्ये ते ३० झाले आणि २०१८ च्या मानकाने ९० वॉटपर्यंत मजल मारली. व्होल्ट सी-७च्या मर्यादेतच राहतात, पण प्रवाह वाढला की तार तापते, आणि अनेक केबलींचा जुडगा एकत्र बांधला तर आतल्या तारांची उष्णता बाहेर पडत नाही. अशा वेळी केबल शुद्ध तांब्याची असणे महत्त्वाचे ठरते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त केबलही ‘कॅट-६’ या नेटवर्क केबलच्या मानकाची म्हणून विकली जाते, जी त्या मानकात बसत नाही. आमच्या कंत्राटदारांनी आपल्या खोक्यातून वीतभर तुकडा कापला, वरचे आवरण सोलले आणि एका तारेचे टोक पात्याने हलकेच खरवडून दाखवले. आतही तांबूसच निघाले. जवळच्याच दुसऱ्या जुन्या तुकड्याचे टोक खरवडल्यावर मात्र खालून पांढरट चमक दिसली. केबलच्या आवरणावर छापलेली ‘सीएमआर’ ही अक्षरेही त्यांनी वाचायला लावली. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाणाऱ्या उभ्या मार्गात आग वर चढू नये म्हणून हा दर्जा असतो, आणि हवा खेळवणाऱ्या पोकळीतून केबल न्यायची असेल तर त्याहून वरचा ‘सीएमपी’ लागतो. यातले काहीही परवान्याच्या पानावर दिसत नाही. करारात केबलचा प्रकार आणि दर्जा लिहून घेणे हा त्यावरचा उपाय.

इतर राज्यांत राहणाऱ्या मराठी मंडळींनी कॅलिफोर्नियाचे वाचून आपल्याकडेही असेच असेल असे धरून चालू नये. वॉशिंग्टन राज्यात कंत्राटदाराबरोबर हाताने काम करणाऱ्यालाही ‘लिमिटेड एनर्जी’, म्हणजे कमी दाबाच्या कामांच्या, वर्गाचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी ४,००० तासांचा अनुभव हवा. तिथल्या श्रम व उद्योग विभागाच्या शोधात व्यक्ती आणि कंपनी दोन्ही दिसतात. मला ही पद्धत कॅलिफोर्नियापेक्षा सरस वाटते. मिनेसोटातही ‘पॉवर लिमिटेड टेक्निशियन’ असा व्यक्तीचा परवाना आहे. जॉर्जियाने लो-व्होल्टेजचे चार भाग पाडले आहेत : अलार्म, दूरसंचार, सर्वसाधारण आणि सर्व कामांची मुभा असलेला. टेक्सासमध्ये चित्र विखुरलेले आहे. विद्युत परवाने एका खात्याकडे, चोरीचे अलार्म आणि सुरक्षा कॅमेरे सार्वजनिक सुरक्षा खात्याकडे, आणि फायर अलार्म राज्याच्या अग्निशमन प्रमुखांकडे. न्यू जर्सीत अलार्म बसवणाऱ्यांचा परवाना वेगळा आहे, आणि केवळ दूरसंचाराची वायरिंग करणाऱ्याला विद्युत मंडळाकडून सूटपत्र घेता येते. न्यूयॉर्कमध्ये इलेक्ट्रिशियनचा राज्यस्तरीय परवानाच नाही, तो शहरे देतात. अलार्म बसवणाऱ्यांचा परवाना मात्र राज्य देते. एका राज्यातून दुसरीकडे बदली झाल्यावर जुन्या घराच्या कंत्राटदाराला नव्या घरी बोलवण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

सीएसएलबीच्या सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन. माहिती नेमकी आहे, खाते उघडावे लागत नाही, मोबाइलवरही पान नीट वाचता येते. एक गुण कापला तो अलार्मच्या वेगळ्या खिडकीसाठी आणि वर्गाच्या नोंदीसाठी. पानावर ‘सी-७ लो व्होल्टेज सिस्टिम्स’ एवढेच लिहिलेले असते. त्यात काय येते आणि फायर अलार्म येत नाही, हे त्याच ओळीखाली दोन वाक्यांत द्यायला हवे. नियमाचा मजकूर मंडळाकडे तयारच आहे, तो फक्त घरमालकाच्या नजरेस पडेल अशा जागी आणायचा आहे.